पोचा

शरणपूर रोडवरच्या आमच्या दवाखान्यात
एक काचेची खोली आहे, बाहेरचा आवाज आत न घेणारी.
तिथे विसूकाका वडके
बटण धरून बसले होते, पंगतीत बसावं तसे ताठ.
आवाज आला की दाबा, मी म्हटलं.
त्यांनी कितीतरी वेळ दाबलंच नाही.

आलेख निघाला. नीट चाललेली रेघ
चार हजारांपाशी एकदम खाली.
त्यांनी चष्मा वर सरकवला, रेघेवरून बोट फिरवलं
आणि म्हणाले, "अगं, हा तर पोचा."

पंचावन्न वर्षं तांबट आळीत
डग्ग्याची भांडी घडवली त्यांनी.
दर ठोका तांब्यावर पडायचा,
थोडासा कानात.

यंत्र दिलं. तीन आठवड्यांनी परत आले.
"माणसं येतात ऐकू. भाजीवाला येतो, फोन येतो.
पण सूनबाई सकाळी तानपुरा धरते
तो मधेच बुडतो, वर येतो, परत बुडतो,
गंगेच्या पुरात परात वाहत जावी तसा."
मग आवाज उतरवून,
"तसा मी नऊ वर्षं नुसतीच मान डोलावतोय.
तिला सांगू नको."

कारण मला ठाऊक होतं.
जो सूर एका जागी टिकून राहतो
ती यंत्राला आपलीच शिट्टी वाटते.
शोधतं, आणि पुसतं.
बोलणं ऐकायला बनवलेलं ते;
न हलणाऱ्या कशाचा त्याला भरवसा नाही.

ती पुसण्याची सोय मी बंद केली.
मोठ्या आवाजाला दाबणारा चाप सैल केला.
"आता?"
"बरं आहे," ते म्हणाले,
डॉक्टरला म्हणतात तसं.

म्हणून लॅपटॉप घेऊन मीच आळीत गेले.
त्यांनी एक कोरं भांडं बोटांच्या टोकांवर तोललं,
पेरानं वाजवलं. "असा यायला पाहिजे."
मग काठाला तळवा लावून, "येतो असा."
मला फरक कळला नाही.
कानाची पदवी घेतलेली बाई मी.
पुन्हा वाजवलं. पुन्हा.
चौथ्या की पाचव्या वेळी
नाद संपल्यावर मागे उरलेलं काहीतरी,
केसाएवढं, ऐकू आलं,
आणि तळवा लागताच ते गेलं, तेही.

"पोचा बाहेरून ठोकून निघत नाही," ते म्हणाले.
"आत हात घालावा लागतो."

दुपार त्यातच गेली.
मी पडद्यावरची रेघ जरा वर घ्यायची,
ते भांडं वाजवायचे, नाही म्हणायचे.
जरा खाली. नाही.
चहा आला, त्यावर साय धरली.
मग एकदा ते नाही म्हणाले नाहीत.

ऋजुताला खाली बोलावलं, तानपुऱ्यासकट.
गोणपाटावर बसून तिनं तारा छेडल्या.
विसूकाकांची मान हलली नाही.
नऊ वर्षांत पहिल्यांदा हलली नाही.
"येत नाहीये का, बाबा?"
त्यांनी बोट वर केलं. थांब.
बराच वेळ.
"जवारी गेलीय याची.
कधीपासून?"

"चार वर्षं झाली," ती म्हणाली.
"मिरजेला पाठवणारच होते.
पण तुम्ही रोज इतकी छान मान डोलावता,
म्हटलं, असू दे."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली.
आधी कोण हसलं, माझ्या लक्षात नाही.

तिसऱ्या कप्प्याला नाव द्या, लॅपटॉप म्हणाला.
मी 'संगीत' लिहिलं, त्यांना दाखवलं.
त्यांनी मान डोलावली.
ती खोटी, हे आता मला ऐकू येत होतं.
खोडलं. 'पोचा' लिहिलं.

मग त्यांनी दोन्ही यंत्रं काढून डबीत ठेवली,
हातोडा घेतला,
आणि मला म्हणाले,
"तू कान झाक."